विल्यम कॅस्लन : बंदुकीवर खुणा कोरणारा अक्षरांचा कारागीर

आपल्या घरांतून पितळेची आणि स्टीलची जुनी भांडी असतात आणि त्यांवर नावे घातलेली असतात. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला, हे सगळे त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत वाचता येते. भांड्यांच्या दुकानातला माणूस बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन टकटक करत नाव घालून देई. आता त्याच्या हाती विजेचे यंत्र आले आहे. भांड्यावर नाव देणाऱ्याचे असते किंवा घेणाऱ्याचे, घालणाऱ्याचे कधीच नसते.

तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हेच काम करणारा एक तरुण होता. फरक इतकाच की तो भांड्यांवर नव्हे, बंदुकांवर खुणा कोरत असे. पुढे त्याचे स्वतःचे नाव जगभरच्या छापखान्यांत गेले. मंडळाच्या या पानावर आपण बहुधा आपल्याकडच्या थोरांची चरित्रे देतो. या वेळी या इंग्रज कारागिराचे, विल्यम कॅस्लनचे, देत आहोत. त्याच्या कामाचा एक धागा देवनागरीपर्यंत आणि पुढे आपल्या हैदराबादपर्यंत येतो. तो कसा ते ओघात येईलच.

कॅस्लनचा जन्म 1692 मध्ये इंग्लंडच्या मध्य भागातल्या क्रॅडली या गावी झाला. वडील जोडे शिवणारे. हा सगळा मुलूख लोखंडाचा. घरोघरी भट्टी आणि ऐरण, आणि गावेच्या गावे खिळे घडवून पोट भरणारी. मराठीत छपाईच्या टाइपालाही आपण खिळेच म्हणतो. इंग्रजीत हा योग जुळत नाही, पण खिळ्यांच्या मुलखात जन्मलेला मुलगा खिळ्यांच्याच धंद्यात नाव काढतो, हे मराठी वाचकाला नोंदवून ठेवावेसे वाटेलच.

1706 मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आसपास, त्याला लंडनला एडवर्ड कुक्स नावाच्या कोरक्याकडे उमेदवारीला ठेवले. उमेदवारी सात वर्षांची. कुक्स हा ज्या कारागीर संघाचा सभासद होता तो संघ मुळात घोड्याच्या लगामाच्या कड्या, रिकिबी असले धातूचे सामान करणाऱ्यांचा. पण लंडनच्या अशा संघांतून कोण नेमके काय काम करतो याला फारसे बंधन उरलेले नव्हते. कुक्सच्या दुकानात बंदुकीच्या नळ्यांवर नक्षी आणि चापांवर खुणा कोरल्या जात, आणि मुलगा तेच शिकला.

त्या काळची बंदूक चकमकीची. गारगोटी धरणारा घोडा, तो ज्यावर आपटतो ते पोलाद आणि आतली कमान हे सगळे एका लोखंडी पट्टीवर बसवलेले असे. या सगळ्या जुळणीला आपण चाप म्हणू. खूण या पट्टीवर असे. सरकारी बंदूक असेल तर वर मुकुट आणि खाली राजाची आद्याक्षरे. कॅस्लन उमेदवारी करत होता तेव्हा गादीवर राणी ॲन होती. 1714 मध्ये ती वारली, पहिला जॉर्ज आला आणि पट्टीवरची आद्याक्षरेही बदलली. राज्य बदलले की त्याची वार्ता कोरक्यांच्या दुकानात अशी पोचायची.

हे काम दिसते त्याहून अवघड. पट्टी मऊ असतानाच कोरावी लागते. कोरून झाल्यावर ती हाडांच्या किंवा कातड्याच्या कोळशात बंद करून तासन् तास तापवतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. तिचा पृष्ठभाग असा कडक होतो की मग कोरणी त्यावर चालत नाही. म्हणजे चूक झाली तर ती सुधारायची वेळ मागे गेलेली असते. पट्टी छोटी, मुकुटाची कमान बोटाच्या पेराएवढी, आणि पुढच्या पट्टीवर पुन्हा तेच चिन्ह तसेच्या तसे. पलटणीच्या पलटणी पुरवायच्या म्हणजे असल्या पट्ट्या शेकड्यांनी आणि हजारांनी.

आपल्या शहरात बिदरीचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. बिदरीच्या सुरईवरची वेल कारागीर कलमाने एकेक पाकळी कोरून काढतो, म्हणून ती सुरई महाग. हजार नगांवर एकच खूण घालायची असेल तर तसे करणे कुणालाच परवडणार नाही. स्वस्तात खूण घालायचे जुने उपाय दोन. एक म्हणजे मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने आकृती काढायची आणि तेजाबाने तेवढाच भाग खाऊ द्यायचा. हात फार कुशल नसला तरी हे जमते, पण रेघ उथळ आणि कडा जरा विरलेली येते. दुसरा उपाय ठशाचा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर खूण एकदाच उलटी कोरायची, कांडीला पाणी द्यायचे आणि मग हातोडीच्या एका घावात हवी तितक्या वेळा ती उमटवायची. इंग्रजी सरकारी बंदुकांवरचा बाण आणि नळीची परीक्षा झाल्याची शिक्के असेच मारलेले असत. कोरणीचे काम दर नगाला पुन्हा करावे लागते. ठशाची मेहनत पहिल्यांदाच काय ती. पण ती करायला हात कोरक्याचाच लागतो, तोही पहिल्या प्रतीचा, कारण ठशातला एक दोष हजार ठिकाणी उमटतो.

कॅस्लनचा पुढचा सगळा संसार या एका हिशेबावर उभा राहिला, असे आम्हाला वाटते.

1717 मध्ये तो संघाचा पूर्ण सभासद झाला, त्याच सुमारास लग्न केले आणि लंडनच्या किल्ल्याजवळ, मायनरीज या बंदूकवाल्यांच्या वस्तीत त्याने स्वतःचे दुकान मांडले. सरकारी शस्त्रागार त्या किल्ल्यातच असल्याने काम दाराशी होते. जोडीला तो चांदीच्या भांड्यांवर कोरीव काम करी, आणि पुस्तके बांधणाऱ्यांसाठी अक्षरांचे ठसे करून देई. पुस्तकाच्या कातडी पाठीवर सोनेरी नाव उठवायला हे ठसे तापवून दाबतात. बंदुकीवरून पुस्तकावर तो आला तो या मार्गाने. सगळे मोठे प्रवास असेच शेजारच्या धंद्यातून सुरू होतात की काय, कोण जाणे.

लंडनच्या छपाईवाल्यांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली हकीकत अशी की विल्यम बोयर नावाच्या मुद्रकाने एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात एका पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरे पाहिली. ती इतकी सुबक होती की ती कोणी केली याची त्याने चौकशी केली. कोरक्या भेटला. बोयर त्याला जेम्स यांच्या टाइपाच्या ओतशाळेत घेऊन गेला. कॅस्लनने तोवर टाइप ओतण्याच्या कामातले काही म्हणजे काहीच पाहिले नव्हते. सगळे दाखवून झाल्यावर बोयरने त्याला विचारले की हे काम अंगावर घेशील का. कॅस्लनने विचाराला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की जमेल, शंका नाही.

यात धाडस किती होते ते पाहा. त्या वेळी इंग्लंडमध्ये चांगला टाइप जवळजवळ होत नव्हता. सरकारने आधीच्या शतकात ओतशाळांची संख्या चारवर बांधून ठेवली होती. त्या निर्बंधांत धंदा खुरटला, आणि चांगल्या पुस्तकांना लागणारे खिळे मुद्रक हॉलंडहून आणत. म्हणजे स्पर्धा परदेशी उस्तादांशी होती. दुकान नवे, घरात 1720 मध्ये जन्मलेले तान्हे मूल. बोयर, जॉन वॉट्स आणि जेम्स बेटनहॅम या तीन मुद्रकांनी मिळून त्याला पाचशे पौंड उसने दिले. बोयर आणि वॉट्स यांचे दोनदोनशे, बेटनहॅमचे शंभर. साध्या कारागिराची ही कित्येक वर्षांची कमाई. अंगभूत हुन्नर सोडला तर तारण काही नाही. बुडाला असता तर कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगाचा रस्ता लंडनमध्ये फार लांब नव्हता.

खिळा तयार कसा होतो ते थोडक्यात सांगायला हवे. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. अक्षराच्या पोटातली पोकळी कोरून काढण्याऐवजी तिच्या आकाराचा वेगळा ठसा ठोकून काढतात. मग बाहेरची बाजू कानशीने आणि कोरणीने घासत आणायची. मधून मधून कांडी मेणबत्तीच्या काजळीवर धरून कागदावर दाबायची आणि अक्षर कसे दिसते ते बघायचे. मनासारखे झाले की ठशाला पाणी देऊन तो तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. तो झाला साचा. साचा हातातल्या फर्म्यात बसवून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतला की एक खिळा. मोठी आणि लहान अक्षरे, तिरकी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे असे शे-दीडशे ठसे मिळून एक संच, आणि दर मापाचा संच पुन्हा निराळा. बंदुकीच्या चापावर आणि पुस्तकाच्या पाठीवर बसलेला हात इथे थेट उपयोगी होता. ओतकाम तेवढे नवे शिकावे लागले.

पहिले मोठे काम आले ते इंग्रजी अक्षरांचे नव्हतेच. सीरिया आणि पॅलेस्टाइनकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी बायबलचा नवा करार आणि स्तोत्रे अरबीत छापून पाठवावीत असे लंडनच्या एका धर्मप्रसारक संस्थेने ठरवले. दमास्कसचा सालोमन नेग्री हा विद्वान त्यामागे होता. अरबी टाइप कोरायचे काम 1720 च्या सुमारास कॅस्लनला मिळाले. उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलणारी लिपी, आणि कोरणाऱ्याला तिचे एक अक्षर वाचता येत नाही. तरीही ते त्याने केले आणि चांगले केले. आकाराकडे आकार म्हणून पाहायची सवय चापावरच्या मुकुटाने लावलेली असणार.

अरबीचा नमुना छापून गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. हे कुणाचे काम ते कळावे म्हणून कॅस्लनने स्वतःचे नाव रोमन अक्षरांत कोरले, ओतले आणि त्या कागदाच्या तळाशी छापले. पंधराएक वर्षे हा माणूस लोखंडावर राणीचे आणि राजाचे नाव घालत आला होता. आता पहिल्यांदा त्याने स्वतःचे घातले, तेही केवळ ओळख पटावी म्हणून.

लोकांनी अरबी पाहिले. छपाईवाल्यांची नजर मात्र तळच्या नावावर थांबली. सॅम्युअल पामर या मुद्रकाने तर सुचवले की याच वळणाचा रोमन टाइपाचा पूर्ण संच कर. मग पामरला स्वतःच्याच सल्ल्याची भीती वाटू लागली. ज्या जुन्या ओतशाळांच्या उधारीवर त्याचा छापखाना चालत होता त्यांचाच धंदा या नवख्यामुळे बसला असता. तो मागे हटला आणि कॅस्लनलाही परावृत्त करू लागला. कॅस्लन वैतागून बोयरकडे गेला. बोयरने धीर दिला, स्वतः देखरेख केली आणि 1722 मध्ये रोमन आणि तिरका असा संच पुरा झाला. तो वापरून जॉन सेल्डन या विद्वानाचे समग्र ग्रंथ बोयरने छापले. ते 1726 मध्ये पुरे झाले. बोयर आपला गुरू, असे कॅस्लन आयुष्यभर मानत आला.

पुढची वर्षे एकापाठोपाठ एक माप आणि लिपी कोरण्यात गेली. 1734 मध्ये त्याने नमुन्यांचा मोठा तक्ता छापला. त्यात 38 प्रकार होते, रोमनखेरीज ग्रीक, हिब्रू, अरबी, कॉप्टिक वगैरे, आणि त्यांतले बहुतेक एकट्याच्या हातचे. इंग्रज मुद्रकांचे हॉलंडवर अवलंबून राहणे या सुमारास संपले म्हणायला हरकत नाही. 1737 मध्ये ओतशाळा चिझवेल स्ट्रीटला गेली आणि तिथेच स्थिरावली.

या अक्षरांत विशेष काय होते? एकेक अक्षर सुटे काढून भिंगाखाली धरले तर ते तितकेसे निर्दोष नाही. थोडे बसके, थोडे ओबडधोबड. पण पानभर मजकूर वाचायला बसा, डोळा अडत नाही. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल याने पुढे अधिक रेखीव अक्षरे काढली तेव्हा एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनकडे तक्रार केली की बास्करव्हिलच्या बारीक रेघांनी डोळे दुखतात. फ्रँकलिनने गंमत म्हणून कॅस्लनचाच तक्ता, वरचे नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून त्याच्यापुढे ठेवला. गृहस्थाने त्यातही तेच सगळे दोष दाखवले आणि डोळे दुखत असल्याचेही सांगितले. फ्रँकलिनने 1760 मध्ये हा किस्सा खुद्द बास्करव्हिलला पत्राने कळवला. फ्रँकलिन विशीच्या आत असताना लंडनला पामरच्या आणि मग वॉट्सच्या छापखान्यात जुळारी होता, हे इथे लक्षात ठेवावे. पुढे फिलाडेल्फियाच्या आपल्या छापखान्यासाठी त्याने कॅस्लनचेच खिळे मागवले.

घरातला कॅस्लन संगीताचा वेडा होता. घरी मोठा ऑर्गन होता आणि महिन्याला एकदा मैफल भरे. दिवस ठरे तो पौर्णिमेच्या जवळचा गुरुवार, म्हणजे रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मित्रांना चांदणे मिळावे. आपल्याकडे कोजागरीला जमतो तसे, पण हे दर महिन्याला. तीनदा लग्न झाले. 1749-50 च्या सुमारास त्याला न्यायदंडाधिकारी नेमले. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाला ही मोठीच प्रतिष्ठा. थोरला मुलगा विल्यम धंद्यात हाताशी आला.

पण याच माणसाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. ठसा कोरण्याचे गुपित बाप आणि मुलगा दोघेच राखून होते. खोलीचे दार बंद करून ते काम करत. ओतशाळेत जोसेफ जॅक्सन नावाचा उमेदवार होता. त्याने मधल्या लाकडी भिंतीला भोक पाडले आणि मालक कोरताना हात कसा फिरवतो ते चोरून पाहायला सुरुवात केली. पाहून पाहून त्याने स्वतः एक ठसा केला आणि शाबासकीच्या आशेने मालकाला दाखवला. मिळाली ती थप्पड आणि तुरुंगात घालण्याची धमकी. त्याच्या आईने मग हत्यारे विकत घेऊन दिली आणि तो घरी सराव करू लागला. 1757 मध्ये मजुरीच्या दरावरून कामगारांचे भांडण झाले तेव्हा जॅक्सन आणि त्याचा सहकारी थॉमस कॉट्रेल यांना पुढारी ठरवून काढून टाकण्यात आले.

आम्हाला हे खटकते. बोयरने ज्याला अनोळखी असताना ओतशाळा उघडून दाखवली, ज्याला तीन मुद्रकांनी विश्वासावर पैसे दिले, त्याने आपल्या शिकाऊ पोरापुढे दार लावून घेतले. त्या काळच्या धंद्याची रीतच तशी होती हे खरे, आपल्याकडच्या घराण्यांतून तालीम आणि चिजा झाकून ठेवल्या जात तशीच. तरी त्या पोराच्या आईच्या बाजूने मन झुकते.

म्हातारपणी कॅस्लन बेथनल ग्रीनला राहायला गेला आणि 1766 च्या जानेवारीत तिथेच वारला. ओल्ड स्ट्रीटच्या सेंट ल्यूक चर्चच्या आवारात त्याला पुरले. ओतशाळा वंशजांनी चालवली, मध्यंतरी दुसऱ्या विल्यमच्या विधवा एलिझाबेथने ती खंबीरपणे सांभाळली, आणि 1937 मध्ये शेफिल्डच्या स्टीफेन्सन ब्लेक या कंपनीने ती घेतली तोवर कॅस्लनचे नाव दारावर होते. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1776 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने पहिल्यांदा छापला तो कॅस्लनच्या अक्षरांत. राजा जॉर्जचे जू झुगारण्याचे ते पत्रक. त्याच राजघराण्याची आद्याक्षरे चापावर मिरवणाऱ्या बंदुका घेऊन सैन्य त्यांच्यावर चालून गेले.

आता आपल्याकडे येणारा धागा. काढून टाकलेला जॅक्सन 1759 मध्ये आरमारात गेला, मिनर्व्हा नावाच्या जहाजावर शस्त्रे दुरुस्त करणारा म्हणून. म्हणजे गुरू बंदुकीकडून अक्षरांकडे आला, चेला अक्षरांकडून काही वर्षे बंदुकीकडे गेला. परतल्यावर त्याने स्वतःची ओतशाळा काढली आणि अवघड लिप्या कोरणारा म्हणून नाव मिळवले. त्याने कोरलेल्या लिप्यांत देवनागरी होती. ती त्याने कंपनी सरकारच्या फौजेतल्या कॅप्टन विल्यम कर्कपॅट्रिकसाठी, व्याकरण आणि कोश छापण्याच्या हेतूने केली. हा कर्कपॅट्रिक पुढे महादजी शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट झाला आणि मग हैदराबादेत निजामाच्या दरबारी; 1795 मध्ये खर्ड्याची लढाई झाली तेव्हा तो इथलाच रेसिडेंट होता. कोठीची रेसिडेन्सी बांधणारा जेम्स त्याचा धाकटा सावत्र भाऊ. कोठीच्या त्या खांबांसमोरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या घराण्याचे नाव देवनागरीच्या सुरुवातीच्या खिळ्यांशी जोडलेले आहे.

इंग्रजीला शे-दीडशे ठसे पुरतात. आपल्या लिपीला काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून काही शे लागतात, आणि वेलांटी अक्षरावर नीट बसली नाही तर वाचणारा ठेचकाळतो. लंडनच्या कोरक्यांना ते पुरते साधले नाही, आणि यात त्यांचा दोष मानू नये. ते काम मुंबईत मराठी हातांनी तडीस नेले. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात राबलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणूजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून ओतलेली त्याची देवनागरी घरोघरच्या पोथ्यांत पोचली. जावजींचे चरित्र आपण याच पानावर पुढे स्वतंत्रपणे देणार आहोत. ज्यांच्या घरी निर्णयसागरची जुनी पुस्तके असतील त्यांनी पहिल्या पानाची छायाचित्रे मंडळाकडे पाठवावीत, म्हणजे ती त्या लेखासोबत घेता येतील.